खडकी बोलते, दौंड ऐकते

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते. पाटाभोवती रांगोळी काढलेली, समईच्या वाती सारख्या केलेल्या, आणि मी डोक्यावर जरीची टोपी घालून पाटावर बसलेलो. समोर स्टुलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या काचेत आमची अक्का. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे आता चौऱ्याऐंशीची. ती टोरांटोला लेकाकडे असते. डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून आमची भाऊबीज ही अशी काचेतून होते.

तिकडे सकाळ होती. अक्काने तबक उचलले. मला सगळे स्वच्छ दिसत होते: निरांजनाची ज्योत, सुपारी, अंगठी, तिच्या हातावरच्या शिरासुद्धा. तिने तबक एकदा फिरवले, दुसऱ्यांदा अर्धे फिरवले आणि थांबली.

“अरे, तू आहेस कुठे?”

“हा काय, तुझ्या समोर!”

“मला नुसते चौकोन दिसताहेत. टोपी दिसते, खाली तोंडच नाही. आवाजही विहिरीतून आल्यासारखा येतोय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मी ओवाळते आहे ते कुणाला?”

मी मान हलवून पाहिली, मोठ्याने बोलून पाहिले, आमच्या सौ.नी समई जवळ आणून पाहिली. काही उपयोग झाला नाही. अक्काने तबक खाली ठेवले. “राहू दे. तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही ओवाळले तरी चालते, असे आई म्हणायची. तोवर ते तुझे यंत्र दुरुस्त कर. तोंड पाहिल्याशिवाय काही मी ओवाळणार नाही.”

वाचकहो, अक्काचा शब्द म्हणजे शब्द. माझ्या हाती दहा दिवस होते.

मी पेशाने इतिहासाचा मास्तर. तारेचे, यंत्राचे मला काडीचे ज्ञान नाही. परंतु इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. आजचे भांडण समजले नाही, की तो कालचे कागद उघडतो. मीही तेच केले. आणि गंमत अशी, की आमच्या मधल्या खोलीतले भांडण मिटवण्यासाठी मला दौंड, हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया एवढा फेरफटका करावा लागला.

*

पहिला प्रश्न असा: मला अक्का दिसते, तर अक्काला मी का दिसू नये? पेटी एकच, हवा एकच. रस्ता जाताना जेवढा तेवढाच येताना. मग येणारी गाडी वेळेवर आणि जाणारी मात्र सिग्नलला उभी, हे कसे?

कंपनीला फोन केला. तिथल्या मुलाने “पेटी बंद करून पुन्हा चालू करा” असे तीन वेळा सांगितले व मी ते तीन वेळा केले. शेवटी शेजारच्या ब्लॉकमधली इंजिनिअरिंगला शिकणारी मुलगी मदतीला आली. तिने लॅपटॉपवर कसलीशी चाचणी लावली व म्हणाली, “आजोबा, तुमचे डाउनलोड एक्केचाळीस आहे. उत्तम आहे. अपलोड बघा, शून्य पूर्णांक सहा! अक्काआजी तुम्हाला दिसतात त्या एक्केचाळिसामुळे, आणि तुम्ही त्यांना दिसत नाही ते या सहा दशांशामुळे.”

हे आकडे सेकंदाला किती मेगाबिट माल जातो-येतो याचे. जगाकडून घरात येतो तो उतरता माल. घरातून जगाकडे जातो तो चढता. मला चट्कन् बोरघाट आठवला. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी घाट उतरते. उलट मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावल्याशिवाय घाट चढवत नाही. रूळ तेच, घाट तोच. पण चढण्याचे गणित निराळे.

“पण बाळ,” मी विचारले, “माझ्या घरात हा घाट आला कुठून?”

ती हसली आणि म्हणाली, “आजोबा, तो जुनाच आहे.”

*

जुना म्हणजे किती जुना, हे पाहू लागलो तेव्हा मला आईच्या मामांची आठवण झाली. ते दौंडला ‘बिनतारी’त देखभालीच्या कामावर होते. लहानपणी आम्ही त्यांना विचारायचो, “मामा, तुम्ही विलायतेशी काय बोलता हो?” ते म्हणायचे, “आम्ही कुठले बोलतो! आमचे गाव कानाचे. बोलते ती खडकी.” आम्हांला तो विनोद वाटे. पुढे कळले, की तो विनोद नव्हता. सरळ सरळ वस्तुस्थिती होती.

मुंबई व विलायत यांच्यामध्ये समुद्राखालून तार होती ती १८७० सालापासून. तिला प्रतिस्पर्धी उभा राहिला १९२७ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या ६ तारखेस हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील ‘बीम’ पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. मार्कोनी कंपनीचे इंजिनिअर चार्ल्स फ्रँकलिन यांनी ही पद्धत सिद्ध केली होती. लघुलहरी चारी दिशांना उधळून न टाकता, आरशाने दिव्याचा झोत टाकावा तशा एकाच दिशेला टाकावयाच्या, ही त्यातली युक्ती. आपल्याकडची ठाणी दोन होती. पाठवण्याचे ठाणे पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे दौंडला. तिकडे इंग्लंडातही तसेच: पाठवण्याचे ग्रिम्स्बीजवळ, घेण्याचे स्केगनेसजवळ. ही सेवा इतकी स्वस्त व इतकी चपळ निघाली, की समुद्री तारांच्या कंपन्या हवालदिल झाल्या आणि १९२९ साली तारवाले व बिनतारीवाले यांना एका छत्राखाली आणावे लागले.

आता दोन ठाणी का? पैसा वर आला होता म्हणून नव्हे. खडकीच्या यंत्रातून हजारो वॉटचा आवाज बाहेर पडे. आणि स्केगनेसहून नव्हे, ग्रिम्स्बीहून निघालेला तसाच मोठा आवाज हजारो मैलांचा प्रवास करून आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्याचा कण शिल्लक राही. ढोलाच्या शेजारी बसून कुणाची कुजबूज ऐकू येईल काय? म्हणून ढोल खडकीत ठेवला आणि कान दूर दौंडला नेला.

बोलणे आणि ऐकणे ही एकाच देवघेवीची दोन सारखी अंगे नव्हेत, हे बिनतारी विद्येला पहिल्यापासून ठाऊक होते. ऐकणाऱ्याला नुसता कान लागतो. बोलणाऱ्याला शक्ती लागते, शिवाय आपल्या बोलण्याने दुसऱ्याचे ऐकणे बिघडणार नाही ही काळजी घ्यावी लागते. आमच्याच जुन्नर तालुक्यात याची दोन टोके शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. नारायणगावाजवळ आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी संधान बांधणारे केंद्र उभे राहिले. सुमारे ३० मीटर व्यासाची त्याची तबकडी ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी बोलू लागली. आणि त्याच नारायणगावाजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. ती बोलत नाही. फक्त आकाशाचे ऐकते. तिला शेजाऱ्यांच्या यंत्रांचा गलका सहन होत नाही, हे तिकडे जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

माझ्या मधल्या खोलीतली पेटी ही त्या खडकीचीच पणती. फरक इतकाच, की तिच्या वाट्याला हजारो वॉट आलेले नाहीत. आपल्या हातातला फोन दूरच्या टॉवरशी बोलतो तो जास्तीत जास्त एक पंचमांश वॉटच्या आसपास. आणि टॉवरवरून जाणारा माल न्यावयाला घरात बसवतात त्या पेटीची शक्तीही त्याच घराण्यातली. उलट टॉवरच्या आवाजात कित्येक दहा वॉटचा जोर असतो. टॉवर ओरडतो, पेटी कुजबुजते. मध्ये भिंत आली तर ओरडणे भिंतीतूनही ऐकू येते. कुजबूज विरून जाते.

मुलीने पेटीवरचे हिरवे दिवे दाखवले. “हे पाचच्या पाच दिवे लागले म्हणजे पेटीला टॉवर चांगला ऐकू येतो, एवढेच. टॉवरला पेटी ऐकू येते का, ते हे दिवे सांगत नाहीत.” मी थक्क झालो. ज्या दिव्यांवर विसंबून मी दहा महिने निश्चिंत होतो, ते दौंडची खबर देत होते, खडकीची नव्हे.

*

मग मी पेटी उचलून खिडकीत नेऊ लागलो. मुलीने हात धरला. “आजोबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशाने बरे झाले ते कळणार नाही.” इतिहासाच्या मास्तराला हा धडा नवा नव्हता, साधनांची छाननी अशीच करतात. मी मुकाट्याने बसलो.

तिने प्रथम हे ठरवले, की दुखणे घरातले की घराबाहेरचे. कारण आमच्या घरात बिनतारी उड्या दोन आहेत. लॅपटॉपपासून पेटीपर्यंतची पहिली, तिला वाय-फाय म्हणतात. आणि पेटीपासून टॉवरपर्यंतची दुसरी. तिने एक तार आणून लॅपटॉप थेट पेटीला जोडला, म्हणजे पहिली उडी बादच केली. चाचणीत आकडा आला त्रेचाळीस आणि शून्य पूर्णांक सात. जवळजवळ जैसे थे. “वाय-फाय सुटले,” ती म्हणाली, “आरोपी बाहेर आहे, नाहीतर पेटीतच बसला आहे.”

या पहिल्या उडीचीही मोठी मौजेची बखर आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कारण पुढच्या उडीचे रहस्यही तिच्यातच आहे.

हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूला, आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारे इतर बेटांवर विखुरलेले. मध्ये समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग व भरवशाच्या नाहीत. तेव्हा अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली बिनतारी जाळे उभे केले. त्याचे नाव ‘अलोहानेट’. मध्यवर्ती यंत्राला त्यांनी ‘मेनेहुने’ असे नाव दिले. हवाईच्या लोककथांत रातोरात कामे उरकणारे जे बुटके लोक आहेत, त्यांचे हे नाव.

त्यांनी दोन वेगळ्या कंपनसंख्या घेतल्या. मेनेहुनेकडून बेटांकडे जाणाऱ्या मालाला ४१३.४७५ मेगाहर्ट्‌झची व बेटांकडून मेनेहुनेकडे येणाऱ्या मालाला ४०७.३५० ची. दोन्हींवर वेग एकच, सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे कागदावर रस्ते सारखे. पण प्रत्यक्षात? उतरत्या वाटेवर बोलणारा एकटा मेनेहुने. त्याने वाटेल तेव्हा बोलावे, सगळ्यांनी ऐकावे. चढत्या वाटेवर बोलणारे अनेक, आणि कोण केव्हा बोलेल याचा कुणाला पत्ता नाही.

मी छत्तीस वर्षे वर्गात उभा राहिलो. मला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मास्तर बोलतो तेव्हा पन्नास मुलांना ऐकू जाते. पण मास्तराने प्रश्न विचारला आणि पन्नास जण एकदम उत्तरले, तर एकाचेही ऐकू येत नाही. अब्रॅमसन यांचा तोडगा मोठा निर्भय होता. ते म्हणाले, बोला खुशाल! पोच आली तर ठीक. नाही आली तर समजा की कुणाशी तरी टक्कर झाली. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. दोघांची थांबण्याची वेळ सारखी पडण्याचा संभव थोडा, म्हणून कधी ना कधी निरोप पोहोचतोच. मात्र या मोकळेपणाची किंमतही त्यांनी हिशेबाने काढली. अशा वाटेचा फार तर १८ टक्के भाग कामी येतो. बाकीचा टकरींत आणि वाट पाहण्यात जातो. बोलण्याच्या वेळांचे तास पाडून दिले तर हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के होते, असे लॅरी रॉबर्ट्‌स यांनी १९७२ साली दाखवले.

याच बीजातून पुढे वृक्ष झाला. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अलोहापासून धडा घेऊन तारेवरचे ‘इथरनेट’ काढले. अमेरिकेने १९८५ साली काही लहरी विनापरवाना वापरास मोकळ्या केल्या, त्यांतच २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी होती, जिच्यावर मायक्रोवेव्ह भट्ट्याही चालतात. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला एक ते दोन मेगाबिट. आपल्या देशात ती पट्टी २००५ साली विनापरवाना झाली. वाय-फायने अलोहाच्या नियमात सभ्यपणाची भर घातली. आधी कान द्यावा, कुणी बोलत नसेल तरच बोलावे. तरीही दोघे एकमेकांना ऐकू न येण्याइतके दूर, पण पेटीला दोघेही ऐकू येतात, अशी स्थिती आली की टक्कर होतेच.

तात्पर्य, बिनतारी जगात खाली उतरणारा माल एका मुखातून येतो आणि वर चढणारा अनेक मुखांतून. ही घाटाची पहिली चढण.

*

दुसरी चढण माणसांनी स्वतः बांधली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. टेलिफोनची तार, तिच्यावर किर्रऽऽ असे ओरडणारा मोडेम, ही त्या वेळची तऱ्हा ज्यांना आठवते त्यांना आठवत असेल. १९९८ साली जे नवे मोडेम आले, त्यांचा उतरता वेग सेकंदाला ५६ हजार बिट व चढता ३३ हजार ६०० असे. म्हणजे तारेवरही उतार व चढ वेगळे झाले.

त्यापूर्वीच अमेरिकेत बेलकोअर या संस्थेतले जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक हिशेब मांडला होता. टेलिफोनच्या तारांचे जुडगे एक्स्चेंजपाशी एकत्र येतात, तिथे घराघरांतून थकून आलेले क्षीण आवाज एकमेकांच्या गोंधळात सापडतात. तेव्हा दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडा, उतरत्या वाटेला जास्त द्या; एकूण माल पुष्कळ वाढेल. शिवाय, घरी बसून चित्रपट पाहणाऱ्याला पाठवायचे काय असते? एखादे बटण दाबल्याची खबर! यातून ‘एडीएसएल’ जन्मले. त्याच्या पहिल्या प्रमाणात उतरता वेग सेकंदाला सुमारे आठ मेगाबिट, तर चढता एकाच्या आसपास.

तीच समजूत बिनतारी जगात उतरली. पुष्कळ ठिकाणी टॉवर व पेटी एकच लहर पाळीपाळीने वापरतात: थोडा वेळ टॉवर बोलतो, थोडा वेळ घरे बोलतात. या पाळ्यांचा मोठा वाटा टॉवरला दिलेला असतो, कारण गिऱ्हाईक पाहणारा असतो, दाखवणारा नव्हे, असे धरून चाललेले असते.

त्या हिशेबात चूक नव्हती. पण तो मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमा पाहणारा माणूस होता. टोरांटोची अक्का नव्हती. बहिणीला भाऊ पाहावयाचा असेल, तर भावाला ‘दाखवणारा’ व्हावे लागते, हे त्या वेळी कुणाच्या कोष्टकात बसले नसेल, तर त्यांना तरी दोष कसा द्यावा?

*

एवढे ज्ञान झाल्यावर मी खचलो. घाट जर असा मुळातलाच असेल, तर दहा दिवसांत मी काय करणार? मुलगी म्हणाली, “आजोबा, घाट असू द्या. पण शून्य पूर्णांक सहा हे घाटाचे काम नाही. गाडीत कुणीतरी भलताच माल भरलाय.”

तिने घरातली एकेक वस्तू इंटरनेटपासून तोडायला सुरुवात केली. दूरदर्शन संच तोडला. काही फरक नाही. माझा फोन तोडला. आकडा एकवर गेला. मग सौ.चा, सुनेचा आणि नातवाचा फोन तोडला, आणि आकडा एकदम दोन पूर्णांक आठवर चढला! सगळे एकमेकांकडे पाहू लागले. उलगडा असा, की दिवाळीच्या चार दिवसांत रांगोळ्या, किल्ला, फराळाची ताटे, नातवाचे भुईनळे यांचे आम्ही शेकडो फोटो व चित्रफिती काढल्या होत्या; आणि आमचे चारही फोन आम्हांला न विचारता, न सांगता, ते सगळे भांडार वर कुठेतरी जपून ठेवायला पाठवत बसले होते. ऐन ओवाळणीच्या वेळी चिंचोळ्या वाटेवर चार बैलगाड्या पुढे, आणि त्यांच्यामागे अक्काकडे निघालेला माझा चेहरा.

या रोगाचाही इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला वेग एकाएकी कोसळला. अंतर अवघे ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर! व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला तेव्हा दिसले, की पोच आली नाही म्हणून प्रत्येक यंत्र तोच माल पुन्हा पुन्हा पाठवत होते, आणि त्या गर्दीनेच पोच आणखी रखडत होती. १९८८ साली त्यांनी उपाय प्रसिद्ध केला. यंत्राने हळूहळू वेग वाढवावा, माल हरवला की गर्दी आहे असे समजून झट्कन मागे सरावे. आजचे इंटरनेट या शहाणपणावर उभे आहे. बिनतारीत मात्र त्याची एक पंचाईत होते. तिथे माल गर्दीने नव्हे, भिंतीने किंवा गलक्यानेही हरवतो. आणि यंत्र बिचारे उगाच गर्दी समजून मागे सरते.

जेकबसन यांचा नियम माल हरवण्यावर बेतलेला. पुढे स्मृतीचे तुकडे स्वस्त झाले आणि पेट्या बनवणाऱ्यांनी, माल हरवू नये या सद्‌हेतूने, पेटीत मोठमोठी कोठारे ठेवली. २०१० साली जिम गेटिस या अनुभवी संगणकतज्ज्ञाला आपल्या घरी आढळले, की एक मोठी फाइल वर पाठवू लागले की घरातल्या बाकी सगळ्यांचे इंटरनेट आजारी पडते. शोध केल्यावर दोष सापडला तो त्या कोठारांत. माल हरवतच नाही, तो नुसता रांगेत साचतो. आणि हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला मागे सरण्याची खूणही मिळत नाही. या विकाराला त्यांनी ‘बफरब्लोट’ म्हटले. आपण कोठाराला आलेली सूज म्हणू. पत्र दोन मिनिटे उशिरा पोहोचले तर बिघडत नाही. परंतु चेहरा दोन सेकंद उशिरा पोहोचला तर तो चेहरा राहत नाही. त्याचे चौकोन होतात. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स व जेकबसन यांनीच या सुजेवर औषध काढले. माल किती साचला हे न पाहता किती वेळ खोळंबला हे पाहावयाचे आणि वेळीच खूण द्यावयाची. नव्या पेट्यांपैकी काहींत ही सोय असते. आमच्या पेटीत नव्हती. म्हणून मुलीने फोनांनाच शिस्त लावली. फोटो पाठवणे बंद; पाठवायचेच तर कुणीतरी रात्री झोपताना चालू करावे.

*

आता पेटीची जागा. ती इतके दिवस मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागच्या फळीवर होती, कारण तिथे प्लग होता व ती दिसायला बरी नव्हती. तिच्या व टॉवरच्या मध्ये दोन भिंती व आजीच्या लग्नातले ते भरभक्कम कपाट! खडकीचा ढोलसुद्धा त्यातून पार झाला नसता. पेटी सज्जाच्या खिडकीत, टॉवरच्या बाजूला नेली. आकडा दोन पूर्णांक आठवरून नऊवर गेला. मी टाळ्या वाजवल्या.

पण एक काम केले की दुसरे उभे राहते. पेटी खिडकीत गेली, तशी मधली खोली दूर पडली. आणि मायक्रोवेव्हमध्ये दूध तापत असताना लॅपटॉपवरचे चित्र अडखळू लागले. मग लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्टीवर टाकला. ती पट्टी भिंतींतून कमी जाते, पण तिथे भट्टीचा गलका नाही. शेवटी पाटच उचलून सज्जालगतच्या खोलीत मांडावयाचा ठरले. टॉवर हलवता येत नाही. पाट हलवता येतो.

दोन दिवस मी वहीत आकडे लिहिले. दुपारी नऊ, रात्री आठ वाजता चार, पहाटे साडेपाचला बारा. रात्री आठ वाजता टॉवरच्या वर्गात सगळी मुले एकदम उत्तरे देतात. पहाटे वर्ग रिकामा. मी अक्काला कळवले: या वेळी ओवाळणी पहाटे. आमची पहाट म्हणजे तिची आदली संध्याकाळ. तिला अंघोळ, देवपूजा, सगळे आटोपून निवांत.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी टोपी घालून पाटावर बसलो. सारे फोन सौ.नी बंद करून फडताळात ठेवले होते. शेजारची मुलगी झोपाळलेल्या डोळ्यांनी आकड्यांवर लक्ष ठेवून उभी होती. काचेत अक्का आली. तिने तबक उचलले नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि काचेच्या अगदी जवळ येऊन बराच वेळ नुसती पाहत राहिली.

“अगं, ओवाळ की!” मी म्हणालो.

“थांब रे जरा. बघू दे.” मग म्हणाली, “किती वाळलास! कपाळावरची ती खूण अजून आहे. जांभळीवरून पडला होतास.”

मग तिने ओवाळले, तीनदा, सावकाश. माझ्या बाजूने काही अडखळले नाही. ओवाळणीचे पाकीट मी काचेपुढे धरले तेव्हा तिने त्यावरचे माझे अक्षरसुद्धा वाचून दाखवले आणि त्यातली ऱ्हस्वदीर्घाची एक चूकही काढली.

यंदाची दिवाळी आली. ज्यांची बहीण दूर आहे त्यांनी पाटावर बसण्यापूर्वी घरातले फोन फोटो पाठवत बसले नाहीत ना, एवढे पाहावे, आणि पेटी कपाटामागे असेल तर ती आजच बाहेर काढावी. आमच्याकडे ते मला आठवावे लागत नाही. परवाच अक्काचा फोन आला होता. प्रकृती, हवापाणी, चकल्या झाल्या का, हे सगळे विचारून झाल्यावर तिने शेवटी विचारलेच: “खिडकीतच आहे ना रे ती पेटी?”